बी.एड.साठी पुण्यात येताय? खोली बघण्याआधी शाळा बघा

सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) याद्या लागल्या की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, पुण्यातलं कॉलेज मिळालं, आता खोली कुठं बघू?" मी परभणी जिल्ह्यातून येऊन पुण्यात बी.एड. केलं, त्यामुळे ओळखीपाळखीतले सगळे मलाच विचारतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सीईटी आणि कॅप राउंडबद्दल (प्रवेशाच्या फेऱ्यांबद्दल) यात काही नाही. प्रवेश पक्का झालाय असं धरून चाललेय.

बी.ए., बी.एस्सी.ला तास बुडवले तरी निभावून जातं, बी.एड.ला जात नाही. २०१५ पासून हा कोर्स दोन वर्षांचा झाला. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान २०० दिवस कामकाज हवं, तासांना ८० टक्के हजेरी हवी आणि शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात. म्हणजे तुमचा दिवस कॉलेजपेक्षा सरावाची शाळाच (जिथं शिकवायचा सराव करायचा ती) जास्त ठरवणार, आणि पुण्यातल्या बऱ्याच शाळांचं सकाळचं अधिवेशन सात-सव्वासातला भरतं. खोली, मेस, बस, सगळं त्या सकाळच्या सातवर बेतायचं.

"यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारे एजंट भेटतील. नॉन-अटेंडिंग नावाचा कुठलाही बी.एड. कोर्स नाही. पैसे त्यांचे होतात आणि वर्ष तुमचं जातं.

१. निघण्याआधी: फाइल

पुण्यात आल्यावर एका दाखल्यासाठी तहसीलला परत जाणं म्हणजे दोन रात्री एसटीत. म्हणून हे सगळं घरूनच घेऊन निघा:

- दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका (एटीकेटीची असली तर तीसुद्धा) आणि पदवी प्रमाणपत्र
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येणाऱ्यांना हे लागतंच
- अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची प्रत
- मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आधारशी जोडलेलं बँक खातं

शेवटच्या ओळीवर जरा थांबा. खात्याला आधार 'लिंक' आहे एवढं पुरत नाही. सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते आधारला सीडेड लागतं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेत नोंद लागते. तुमची दोन-तीन खाती असतील तर शिष्यवृत्ती भलत्याच खात्यात जाते, आणि ते जर दहावीत काढलेलं बंद पडलेलं खातं असेल तर मग बसा हेलपाटे घालत. बँकेत जाऊन कुठलं खातं सीडेड आहे ते विचारून या.

सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं. देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा आणि स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवा. नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा दुसऱ्या वर्षासाठी नवं काढावं लागेल का ते आत्ताच बघा.

२. पहिले पंधरा दिवस: अकरा महिन्यांचा करार करू नका

पुण्यात उतरलं की नातेवाईक सांगतात, सदाशिव पेठेत बघ, सगळं जवळ आहे. जवळ आहे हे खरं, पण तुमची सरावाची शाळा सदाशिव पेठेत असेल कशावरून? कॉलेज कर्वे रस्त्यावर आणि शाळा धनकवडीत, असं सर्रास होतं.

म्हणून पहिले काही दिवस ओळखीच्यांकडे किंवा महिन्याच्या बोलीवर कॉट घेऊन काढा. कॉलेजात गेल्यावर ऑफिसमध्ये न विचारता दुसऱ्या वर्षाच्या मुलींना किंवा मुलांना विचारा: सरावाला कोणत्या शाळा मिळतात, सकाळचं अधिवेशन की दुपारचं, आंतरवासितेची शाळा आपण सुचवू शकतो का. काही कॉलेजांत घराजवळची शाळा मागता येते, काहींत गट पाडून यादी लागते. हे कळलं की नकाशावर कॉलेज आणि शाळा दोन्ही मांडा आणि मधली जागा शोधा.

३. खोली

नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता हा सगळा पट्टा एमपीएससीवाल्यांनी भरलेला आहे. अभ्यासिका, मेस, झेरॉक्स सगळं दारात मिळतं, पण भाडंही त्याच हिशेबानं चढतं आणि एका खोलीत चार-चार कॉट असतात. 'कॉट बेसिस' हा शब्द इथं रोज ऐकाल: खोली नाही, एक पलंग आणि एक कपाट भाड्यानं. दत्तवाडी, पर्वती, सिंहगड रस्ता, धनकवडी, कर्वेनगर, वारजे इकडे तेवढ्याच पैशात जास्त मोकळी जागा मिळते.

कॉट बघताना बी.एड.वाल्यांनी एक गोष्ट जास्तीची बघायची: जमिनीवर पूर्ण आकाराचा कार्डशीट पसरून बसता येईल का. तक्ते रात्रीच करायचे असतात. चार कॉटच्या खोलीत अकराला दिवा बंद करायचा नियम असेल तर जिन्यात बसून स्केचपेन चालवावं लागेल.

मालकाला विचारायच्या गोष्टी:

- डिपॉझिट किती, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं? हे लिहून घ्या.
- लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं? गिझर सकाळी किती वाजेपर्यंत?
- पाणी किती वाजता येतं? दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवायची इथली रीत आहे. बादली भरून ठेवायला जागा हवी.
- मुलींसाठी: दार रात्री किती वाजता बंद होतं? कॉलेजचं स्नेहसंमेलन किंवा सहल असली तर सूट मिळते का?

एजंट एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतो. पेठांमध्ये भिंतीवर, वाड्याच्या दारावर 'कॉट मिळेल'चे कागद चिकटवलेले असतात. दोन संध्याकाळी पायी फिरलात तर एजंट लागत नाही. खोली न बघता फोनवर 'टोकन' पाठवू नका, कितीही घाई दाखवली तरी. भाडेकरार आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद या दोन्ही गोष्टी मालक टाळायला बघतात. तुम्ही टाळू नका, पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून करारच उपयोगी पडतो.

ज्यांना खासगी खोली परवडतच नाही त्यांनी दोन ठिकाणी आधी अर्ज करावा: समाजकल्याणचं सरकारी वसतिगृह आणि विद्यार्थी सहायक समिती. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय अत्यल्प पैशात करते. मुलाखत होते, जागा मर्यादित असतात. बी.एड.चे प्रवेश लांबून सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो आणि तोवर वसतिगृहं भरलेली असतात, त्यामुळे यादी लागायची वाट न बघता आधीच चौकशी करून ठेवा.

४. जेवण

मेस लावताना खाड्याचा नियम विचारा, बस. किती दिवस सलग नसलात तर पैसे वळते होतात, आणि आधी सांगावं लागतं का. दिवाळीत, उन्हाळ्यात हे हजारांत जातं. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा जवळपास सगळ्या पुण्याचा कायदा आहे. सकाळच्या शाळेला मेस उपयोगाची नाही. साडेसहाला टपरीवर पोहे मिळतात, पण उपाशीपोटी सलग दोन तास फळ्याजवळ उभं राहू नका. ज्वारीची भाकरी रोज मिळेल ही अपेक्षा मराठवाड्यातल्यांनी सोडून द्यावी.

५. येणं-जाणं

मराठवाड्याकडच्या एसटी सध्या वाकडेवाडीहून सुटतात. तिकिटावर 'शिवाजीनगर' असतं, पण जुन्या शिवाजीनगर स्थानकात जाऊ नका. कोल्हापूर, सोलापूर, कोकणाकडच्यांना स्वारगेट.

महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, बसमध्ये ते चालत नाही, नव्यानं आलेल्या मुली कंडक्टरशी इथंच वाद घालतात. पीएमपीएमएलसाठी कॉलेजचं बोनाफाइड घेऊन विद्यार्थी पास काढा. मेट्रोच्या विद्यार्थी कार्डावर ३० टक्के सवलत मिळते आणि वनाज–रामवाडी, पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या दोन मार्गांवर शाळा असेल तर पावसाळ्यात तिच्यासारखं सुख नाही. कार्डशीटची गुंडाळी घेऊन सकाळच्या भरलेल्या बसमध्ये चढून बघा, मग पटेल.

कॅलेंडरवर दोन खुणा करून ठेवा. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात ते दिवस, आणि गणपतीचे दहा दिवस. पेठांतले रस्ते बंद, बस भलतीकडून. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. या दिवसांच्या आसपास सराव पाठ लावून घेऊ नका.

६. पैसे कुठून येतील

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अर्ज भरा, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढं जावा लागतो. दर आठवड्याला स्थिती बघा, अडकलेला दिसला तर क्लार्ककाकांसमोर जाऊन उभे राहा.

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या, वाचूनच भरा. पण हे पैसे महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत. तीन-चार महिन्यांची खर्ची घरून किंवा उसनवारीनं हाताशी ठेवावी लागते.

शिकवण्या घ्यायच्या असतील तर संध्याकाळच्या. सकाळची नोकरी आणि बी.एड. यांचा मेळ बसत नाही.

७. सूक्ष्म पाठ

कॉलेज सुरू होताच सूक्ष्म अध्यापन येतं. एक कौशल्य घ्यायचं, उदाहरणार्थ प्रश्न विचारणं, चेतक बदल (आवाज, हावभाव, हालचाल बदलत राहणं), फलकलेखन, आणि सहा मिनिटं आपल्याच वर्गमित्रांना शिकवायचं. मग सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा शिकवणं, पुन्हा सहा प्रत्याभरण. ३६ मिनिटांचं हे चक्र कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात बरेच जण पुनर्नियोजन खातात आणि निरीक्षण तक्त्यावर सगळ्यांना 'चांगले'वर खूण करून देतात. तसं करू नका. तिशीतले, लेकरंबाळं असलेले छात्राध्यापक समोर बसून सहावीतल्या मुलांचा आव आणतात, त्याचं हसू येतं खरं, पण फळ्याकडं पाठ करून बोलायची खोड इथं गेली नाही तर पुढं साठ पोरांसमोर ती महागात पडते.

८. टाचण: इथंच सगळे अडकतात

सराव पाठाची साखळी अशी असते: शाळेतल्या विषयशिक्षकांकडून घटक (शिकवायचा धडा किंवा भाग) घ्यायचा, टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढायचं, मार्गदर्शक प्राध्यापकांकडून तपासून सही घ्यायची, साधनं करायची, पाठ घ्यायचा, निरीक्षकाची सही घ्यायची. प्रत्येक कडीला माणूस वेगळा आणि त्याची वेळ वेगळी.

पहिला सापळा घटकाचा. बाई म्हणतात, "आठवा धडा घ्या." तुम्ही रात्र जागून तक्ता करता आणि वर्गात गेल्यावर पोरं एका सुरात म्हणतात, "टीचर, हा झाला!" म्हणून घटक मागताना तारीख, तुकडी आणि तास सांगा. त्या दिवशी बाई कुठवर पोचलेल्या असतील ते विचारून वहीत त्यांच्यासमोर लिहा, आणि आदल्या दिवशी पुन्हा खात्री करा. दहावीचा वर्ग सहसा मिळत नाही, पाचवी ते नववीच धरा.

दुसरा सापळा जुन्या टाचणांचा. सीनिअरच्या वहीतून उतरवलेलं टाचण मार्गदर्शक पहिल्या ओळीत ओळखतात. शिवाय पाठ्यपुस्तकं बदलतात आणि पान क्रमांक जुळत नाहीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहे, पण वर्गातल्या मुलांच्या हातात कोणती आवृत्ती आहे ते एकदा बघून या.

तिसरा सापळा रांगेचा. दिवाळीनंतर सगळ्यांनाच पाठ उरकायचे असतात. डिसेंबरात शाळांच्या स्नेहसंमेलनांची, क्रीडास्पर्धांची धांदल, जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षा, त्यामुळे शाळा तास देत नाहीत. मार्गदर्शकांच्या टेबलावर वह्यांची चळत लागते. दिवाळीआधी जेवढे पाठ पडतील तेवढे पाडून घ्या.

सामान आणायला अप्पा बळवंत चौक. कार्डशीट, रोल-अप फळा, रंगीत खडू, पाठाच्या वह्या सगळं एका रांगेत मिळतं. दुपारी जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर, दगडूशेठ गणपतीसमोर, भिडेवाड्याची जागा आहे. सावित्रीबाई-जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा तिथं सुरू केली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. बी.एड.ला येऊन ती जागा न बघता परत जाणारे पाहिले की मला नवल वाटतं.

९. वर्गात

पिशवीत ठेवा: स्वतःचे खडू, डस्टर, सुतळी, कपड्यांचे चिमटे, दुसरं पेन, घड्याळ. शाळेच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही, म्हणून सुतळी आणि चिमटे. तक्ता खिडकीच्या गजाला बांधलात तर पंख्याच्या वाऱ्यानं तो निम्मा पाठ फडफडत राहतो, खालच्या दोन्ही टोकांनाही चिमटे लावा.

फळा पुसायच्या आधी नीट बघा. डाव्या कोपऱ्यात पट, उपस्थित, गैरहजर यांचे आकडे असतात, वर तारीख आणि सुविचार असतो आणि कुठंतरी चौकट करून 'पुसू नये' लिहिलेलं असतं. ती चौकट वर्गशिक्षिकेची. ती पुसली की पोरंच ओरडतात आणि पाठाची पहिली दोन मिनिटं गेली.

तासिका ३५ मिनिटांची असली तरी आधीच्या बाई बाहेर पडून वर्ग शांत होईपर्यंत तीसच मिनिटं हातात उरतात. प्रस्तावना लांबवू नका. हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) झाल्यावर थेट मुद्द्याला हात घाला. दृढीकरणाचे (उजळणीचे) प्रश्न उरले तर चालतील, पण गृहपाठ घंटेआधी फळ्यावर गेला पाहिजे, निरीक्षक तेवढं नक्की बघतात.

आपल्या बोलण्याच्या हेलावर मुलं हसतात. पेठेतल्या शाळेत तर हमखास. रागावू नका, हेल बदलायचा खटाटोपही करू नका. उच्चार स्पष्ट ठेवा, फळ्यावरचं लेखन निर्दोष ठेवा. तिसऱ्या पाठाला कोणी हसत नाही. महापालिकेच्या शाळेत उलटी गंमत असते: वर्गात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या हिंदी, कुणाच्या गोरमाटी (बंजारा बोली). तिथं तुमचा हेल कुणाच्या ध्यानातही येत नाही, मात्र 'उपयोजन', 'विशद करा' असले शब्द सोपे करून सांगावे लागतात.

मारायचं नाही. चिमटा, कान धरणं, बाकावर उभं करणं, काहीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. शाळेतले जुने सर "दोन द्या, गप्प बसतील" म्हणतील, पण तक्रार आली की तुमच्या बाजूनं कुणी उभं राहत नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टाकणंही बंद. पाठाचा पुरावा म्हणून फोटो लागत असेल तर मागच्या बाकावरून, मुलांचे चेहरे न दिसता काढा.

१०. आंतरवासिता

शाळेत पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटाल, ते ठीक. पण शिपाईमामा आणि ऑफिसातल्या बाई यांच्याशी आधी ओळख करून घ्या. प्रयोगशाळेची किल्ली, जुने संविधान तक्ते, प्रोजेक्टरची वायर, सगळं त्यांच्याकडून मिळतं.

इथं तुम्ही बिनपगारी बदली शिक्षकही असता. गैरहजर शिक्षकांचे तास, परिपाठ, खिचडीची रांग, पेपर तपासणं, गॅदरिंगचा नाच बसवणं. थोडं आनंदानं करा, त्यातून शाळा कळते. पण तुमचे घटक नियोजन, घटक चाचणी, कृतिसंशोधन (वर्गातल्या एखाद्या अडचणीवरचा छोटा अभ्यास) राहायला लागले तर मार्गदर्शकांना सांगा, ते मुख्याध्यापकांशी बोलतात. परस्पर नाही म्हणू नका.

दैनंदिनीवर आणि हजेरीपत्रकावर सही-शिक्का दर शनिवारी घ्या. शेवटच्या आठवड्यात गठ्ठा घेऊन गेलात आणि मुख्याध्यापक रजेवर असले की झालं. कृतिसंशोधनाचा विषय लहान घ्या: सातवीतल्या दहा मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चालतील. 'ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांचा तुलनात्मक अभ्यास' घेतलात तर मार्चपर्यंत प्रश्नावल्याच गोळा करत बसाल.

११. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी

टीईटी आणि सीटीईटीच्या (राज्याच्या आणि केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षांच्या) जाहिरातींवर लक्ष ठेवा. अर्ज करताना पेपर २ निवडा, म्हणजे सहावी ते आठवी. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य धरत नाहीत, तरी क्लासवाले दोन्ही पेपरची फी घेतात. पेपर १५० गुणांचा, खुल्या गटाला ९० लागतात. एकदा पात्र झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सरकारी, अनुदानित नोकरीसाठी पुढं अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची वेबसाइट) आहे, ते वेगळं प्रकरण आहे.

खोली सोडायची ती परीक्षेनंतर लगेच नाही. कॉलेजातून दाखला, आंतरवासितेचं प्रमाणपत्र, अनामत रकमेची पावती दाखवून परतावा, ग्रंथालयाचं ना-देणं प्रमाणपत्र, हे सगळं हातात पडायला आठ-पंधरा दिवस जातात, आणि मे महिन्यात ऑफिस अर्धवेळच उघडं असतं. मालकाला महिनाभर आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर कळवलंत तर त्याचा स्क्रीनशॉट जपा. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला बहुतेक मालक तयार होतात, तुम्ही आधी विचारलं तर.